भांडण वाड्यांचे, डोकी चाकरांची

मोठ्यांच्या घरी रडारड झाली की तिचे काव्य होते आणि गरिबाच्या घरी झाली की तिचा गोंगाट होतो. हा न्याय केवळ आमच्याच देशात चालतो, असे मात्र कोणी समजू नये. विलायतेचा जगप्रसिद्ध नाटककार शेक्सपिअर याने सुमारे १५९५ साली ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हे नाटक लिहिले आणि ते १५९७ साली प्रथम छापून निघाले. या नाटकाची गोष्ट निघाली की आमच्या विद्वानांचे डोळे अर्धवट मिटतात. चांदणी रात्र, बागेवरचा सज्जा, चोरटी भेट, शेवटी विषाचा प्याला, असे एकेक वर्णन चालू होते आणि ऐकणाराला वाटते की हे सारे नाटक म्हणजे दोन कोवळ्या जिवांची प्रेमकहाणी, दुसरे काही नाही.

ठीक आहे. पण आम्ही या पंडितांस एकच प्रश्न विचारतो. हे नाटक सुरू कोठून होते? सज्ज्यावरून की रस्त्यावरून? पडदा उघडल्यावर पहिले तोंड कोण उघडतो? रोमिओ नव्हे, ज्युलिएट नव्हे. सूत्रधाराचे चौदा ओळींचे नमन संपताच रंगभूमीवर येतात ते दोन चाकर. त्यांच्यापासून नाटकाचा आरंभ आहे. पण त्या चाकरांविषयी बोलण्यास पंडितांना वेळ नाही. म्हणून ते काम आज आम्ही करणार आहोत. शितावरून भाताची परीक्षा होते. तशी या पहिल्या प्रवेशावरून साऱ्या नाटकाची, आणि वाचकहो, थोडीशी आपल्या स्वतःचीही परीक्षा होणार आहे.

ज्यांनी हे नाटक पाहिले किंवा वाचले नाही, त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात सांगतो. इटली देशात व्हेरोना नावाचे शहर आहे. तेथे कॅप्युलेट आणि माँटेग्यू अशी दोन बडी घराणी. दोन्ही सारख्याच तोलामोलाची, आणि दोघांत जुने वैर. माँटेग्यूचा मुलगा रोमिओ आणि कॅप्युलेटची मुलगी ज्युलिएट यांचे एकमेकांवर मन बसते. ते चोरून लग्न करितात आणि घराण्यांच्या वैरापायी दोघेही जिवास मुकतात. पोरे मेल्यावर म्हातारे शहाणे होतात. एवढीच कथा.

ही कथा शेक्सपिअरच्या पदरची नव्हे. इटलीच्या कथाकारांनी ती आधीच सांगितली होती आणि आर्थर ब्रूक नावाच्या इंग्रज कवीने १५६२ साली तिच्यावर एक लांबलचक काव्य रचले होते. शेक्सपिअरने कथा तेथूनच उचलली. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ब्रूकच्या काव्यात रस्त्यावरची मारामारी येते ती पुष्कळ पुढे, दोघांचे लग्न होऊन गेल्यावर. शेक्सपिअरने मारामारी उचलून थेट दाराशी आणली, आणि तिची पहिली काडी चाकरांच्या हातून ओढविली. इतका कसबी कारागीर उंबऱ्याचे लाकूड उगीच बदलीत नाही. त्याला काही दाखवावयाचे होते. ते काय, हे आपण पाहू.

सॅम्प्सन आणि ग्रेगरी हे कॅप्युलेटचे दोन गडी. ढाल-तलवार घेऊन बाजारातून मिरवत चालले आहेत. सॅम्प्सनचे पहिलेच बोलणे कोळशाविषयी आहे. आपण कोळसे वाहणारे नव्हे, असे तो बजावतो. त्या काळच्या इंग्रजीत कोळसे वाहणे म्हणजे मुकाट्याने अपमान गिळणे, कारण वाड्यातील हलक्यात हलक्या चाकराकडे कोळसा वाहण्याचे काम असे. पहा गंमत! कोळसे वाहणार नाही म्हणून ज्याने छातीवर हात मारला, तोच पुढच्या क्षणी धन्याच्या वैराची पाटी डोक्यावर घेऊन धावू लागतो. कोळशाची पाटी निदान संध्याकाळी खाली ठेवता येते. वैराची पाटी बाप मुलाच्या डोक्यावर ठेवून मरतो.

हे भांडण मुळात धन्यांचे, हे ग्रेगरीलाही ठाऊक आहे. त्याच्या तोंडून ते निसटतेही. पण धन्याचे ते आपले, ही चाकराची रीत. दुसऱ्याच्या घोड्याचे याला भूषण! आणि मग या दोघांची बढाई कोठवर जाते? माँटेग्यूच्या घरच्या पोरींची अब्रू घेण्यापर्यंत. हसत हसत, शब्दांवर कोट्या करीत, सॅम्प्सन परक्या घरच्या मुलींवर जबरदस्ती करण्याच्या गोष्टी बोलतो. त्या मुलींनी याचे काय बिघडविले होते? त्याही बहुधा याच्यासारख्या कोणा गरिबाच्या, पोटासाठी वाड्यात राबणाऱ्या. शिकविणारे गुरुजी हा भाग लाजेने भराभर उरकून टाकतात. आम्ही म्हणतो, तो सावकाश वाचा आणि आपल्या मुलांना समजावून सांगा. जगातील कोणतेही वैर घ्या. तलवारीने तलवारीला भिडण्यापूर्वी ते बाईच्या पदराला हात घालते. दोन पुरुषांचे भांडण आणि शिवी मात्र आईबहिणीची! ही शिकवण व्हेरोनाला जितकी लागू, तितकीच आमच्या पारावरच्या मंडळींनाही लागू आहे.

इतक्यात समोरून माँटेग्यूचे दोन गडी येतात. आता सॅम्प्सन काय करितो? आपला अंगठा दातांखाली धरून चावून दाखवितो. त्या मुलखात हा मोठा अपमान. आमच्याकडे अंगठा बहुधा सावकाराच्या खतावर उठला. त्यांच्याकडे तो वैऱ्याला दाखविण्याच्या कामी आला. समोरच्यांतला अब्राम विचारतो, अंगठा आम्हांस पाहून चावलात काय? तेव्हा सॅम्प्सन हळूच ग्रेगरीच्या कानाशी लागतो आणि विचारतो की, होय म्हटले तर कायदा आपल्या बाजूने राहील काय? ग्रेगरी म्हणतो, नाही. लगेच आमचे शूर सॅम्प्सन सांगतात की अंगठा तर चावला, पण तुम्हांस पाहून नव्हे!

नाटकगृहात येथे हशा पिकतो. आम्हांस मात्र हसू येत नाही. या गड्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. परंतु तो बिचारा एक गोष्ट पक्की शिकला आहे: कायदा आपल्या बाजूला आपोआप नसतो, तो आधी विचारून घ्यावा लागतो. धन्याला असे विचारावे लागत नाही. याच प्रवेशात पुढे धन्याचा नातेवाईक टिबल्ट येतो. तो कोणाच्या कानाशी लागत नाही, कायदा कोणत्या बाजूला म्हणून पुसत नाही. तो सरळ तलवार उपसतो. का? कारण वाड्याची भिंत त्याच्या पाठीशी आहे. चाकराच्या पाठीशी फक्त चाकर आहे.

आणि अखेर तलवारी निघतात त्या कशावरून? मजुरीवरून? भाकरीवरून? छे! कोणाचा धनी अधिक चांगला, यावरून! सॅम्प्सन आरंभी एवढेच म्हणतो की तुमच्या धन्याइतकाच आमचाही चांगला. तेवढ्यात ग्रेगरीला आपल्या धन्याचा आप्त येताना दिसतो आणि तो सॅम्प्सनला डिवचतो, आमचा अधिक चांगला म्हण! धन्याची नजर पडताच चाकराच्या अंगात वारे भरते. झाले, चारही गडी एकमेकांवर तुटून पडले. या चौघांना दोन्ही वाड्यांत पोटाला काय मिळते, हे कोणी विचारले नाही. त्या चौघांनीही एकमेकांस विचारले नाही. विचारले असते तर कदाचित तलवारी म्यानातून बाहेर आल्याच नसत्या.

बेनव्होलिओ हा माँटेग्यूचा पुतण्या. स्वभावाने बरा. तो मध्ये पडून गड्यांच्या तलवारी खाली पाडतो. तेवढ्यात टिबल्ट येतो आणि त्याला टोमणा मारतो की असल्या भेकड गड्यांत तुझी तलवार उपसलेली! येथे जो इंग्रजी शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होतात. एक हरिणी, आणि दुसरा शेतावरचा गडी. हा शब्द आमच्या शेतकरी वाचकांनी ध्यानात धरावा. ज्या घराण्याच्या मानासाठी सॅम्प्सन व ग्रेगरी आपले रक्त सांडण्यास निघाले, त्याच घराण्याचा हा कारटा त्यांच्या तोंडावर त्यांना काय म्हणतो? कुळवाडी! नेभळट! जीव दिला तरी इज्जत वाढत नाही, ती अशी.

मग गावकरी सोटे आणि भाले घेऊन धावून येतात. सोटे घ्या, अशी जी हाक ते देतात, ती लंडन शहरातील कारागिरांच्या शिकाऊ पोरांची हाक होती. त्या काळी रस्त्यात दंगा झाला म्हणजे ती पोरे याच हाकेवर दुकानांतून बाहेर पडत. म्हणजे नाटक इटलीचे, पण आवाज लंडनच्या लोहार-सुतारांचा. आणि हे लोक काय ओरडतात? कॅप्युलेटला हाणा, माँटेग्यूलाही हाणा! या साऱ्या प्रवेशात कोणत्याही वाड्याची बाजू न घेता दोघांवर ठपका ठेवणारे पहिले लोक हे आहेत. त्यांची दुकाने बंद पडली, त्यांच्या शहरातील म्हाताऱ्यांना पोक्तपणाची वस्त्रे बाजूस ठेवून गंजलेले भाले उचलावे लागले, म्हणून ते कावले आहेत. मोठ्यांच्या भांडणाची पट्टी कोणावर बसते, ते कारागिराला बरोबर कळते.

यानंतर येतात दोन्ही म्हातारे धनी. कॅप्युलेट झग्यातच धावत येतो आणि लांब तलवार मागतो. त्याची बायको त्याला सुनावते की तलवार कशाला, तुम्हांस कुबडी हवी! माँटेग्यूच्या बायकोने नवऱ्याला धरून ठेवले आहे, एक पाऊल पुढे टाकू देत नाही. पहा, दोन्ही वाड्यांत अक्कल कोणाजवळ आहे! ज्यांना घराच्या कारभारात शब्द नाही, त्या दोन बाया बरोबर सांगत आहेत; आणि ज्यांच्या शब्दावर शहर चालते, ते दोन थेरडे तलवारीसाठी धडपडत आहेत. आमच्याही घरी बांधावरून कुऱ्हाड निघते तेव्हा कारभारणीच आडवी होते आणि तिलाच “तुला काय कळतंय” म्हणून ढकलून देण्यात येते. पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजविताना डोरले कोणाचे मोडते, हे सांगण्याची गरज नाही.

शेवटी शहराचा राजा एस्कलस येतो. तो हिशेब मांडतो, तीन वेळा या दोन घराण्यांनी शहर रक्ताने भिजविले. आणि कशावरून? निव्वळ हवेच्या एका शब्दावरून! वाचकहो, पाच अंकांचे सबंध नाटक धुंडाळून पहा. या वैराचे कारण तुम्हांस सापडणार नाही. बांधाचा वाद नाही, पाण्याची पाळी नाही, वाटणीचा तंटा नाही. शेक्सपिअरने ते सांगितलेच नाही, कारण सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. कारण मेले, वैर जिवंत राहिले.

आता राजाचा न्याय पहा. पुन्हा दंगा केलात तर प्राणाला मुकाल, अशी तो तंबी देतो. मग कॅप्युलेटला म्हणतो, तुम्ही आताच माझ्याबरोबर चला. माँटेग्यूला म्हणतो, तुम्ही दुपारी या. दोन्ही थोरांना वेगवेगळी मुलाखत! चार गड्यांचे काय? त्यांना कोणी एक अक्षर विचारीत नाही. राजा गेल्यावर माँटेग्यू पुतण्याला विचारतो, हे जुने भांडण आज कोणी उकरून काढले? आणि तो भला माणूस सांगू लागतो: तुमच्या वैऱ्याचे चाकर आणि तुमचे चाकर, मी येण्यापूर्वीच जुंपले होते. टिबल्टचे नाव नंतर येते, पण पहिले बोट चाकरांवर. झाला पंचनामा! बेनव्होलिओ खोटे बोलत नाही. परंतु ज्या वाड्यांनी या गड्यांच्या हाती ढाल-तलवार दिली, त्या वाड्यांचे काय? ते पंचनाम्यात येत नाही. वड्याचे तेल वांग्यावर!

येथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. या प्रवेशात चाकर बोलतात ते साध्या गद्यात, आणि थोर माणसे आली की भाषा पद्यात जाते. आमच्या पंडितांना यात नवल वाटणार नाही, कारण आमच्या जुन्या संस्कृत नाटकांत राजाने व ब्राह्मणाने संस्कृत बोलावे आणि चाकरांनी व बहुतेक स्त्रियांनी प्राकृत बोलावे, असाच कायदा होता. राणी झाली तरी तिला नवऱ्याची भाषा नाही! दोन देश, हजारो कोसांचे अंतर, पण जिभेची उतरंड तीच. तरी शेक्सपिअरची एक गोष्ट मान्य केली पाहिजे: त्याने गद्य बोलणाऱ्यांना निदान पहिल्यांदा बोलू दिले.

यानंतर प्रवेशाचा रंग पालटतो आणि प्रेमभंगाचे प्रकरण येते. माँटेग्यूची बायको विचारते, माझा रोमिओ कोठे आहे? तो दंग्यात नव्हता, एवढ्यावर तिला समाधान. बेनव्होलिओ सांगतो की तो पहाटे उठून शहराच्या पश्चिमेच्या झाडीत एकटा हिंडत होता. बाप सांगतो की तो तेथे जाऊन रडतो, दिवस उजाडला की घरी येऊन खिडक्या लावून कोंडून घेतो, भर दिवसा रात्र करितो. आणि का रडतो? ते बापाला ठाऊक नाही. त्याने स्वतः विचारले, मित्रांकरवी विचारविले, पोर सांगत नाही.

वाचकहो, या साऱ्या नाटकातील खरा शोक आम्हांस येथे दिसतो. वैऱ्याच्या घरातील कोण रस्त्यावर तलवार फिरवितो, हे या बापाला लांबून ओळखता येते; आपल्या घरातील पोर का रडते, हे त्याला पुतण्याकरवी काढून घ्यावे लागते. वैर पोसणाऱ्या घराची हीच दशा होते. वैराला रोज चारा लागतो, रोज पाणी लागते, रोज लक्ष लागते. ते लक्ष लेकराच्या वाटणीतून जाते. बापाने नजर सतत समोरच्या वाड्यावर ठेवली म्हणजे स्वतःच्या माजघरात अंधार पडतो. समोर कॅप्युलेटच्या वाड्यातही तेच. पुढे ज्युलिएट बापाने ठरविलेले लग्न नको म्हणते, तेव्हा तो बाप चौदा वर्षेही पुरी न झालेल्या पोटच्या मुलीला रस्त्यावर मरू देण्याची भाषा करितो.

मग स्वतः रोमिओ येतो. तो दुःखी आहे ते ज्युलिएटसाठी नव्हे. ती अजून त्याला दिसलेलीही नाही. दुसऱ्याच एका मुलीवर याचे मन बसले आहे आणि ती याला जवळ करीत नाही. या प्रवेशात तिचे नावही नाही. पुढच्या प्रवेशात रोझलाइन हे नाव कळते आणि पाहुण्यांच्या यादीवरून ती कॅप्युलेटचीच पुतणी किंवा भाची असल्याचे उघड होते. म्हणजे दोन वाड्यांतील भिंत या पोराच्या मनाने आधीच ओलांडली होती. थेरड्यांनाच तिचा पत्ता नव्हता. अठराव्या शतकात गॅरिक नावाच्या बड्या इंग्रज नटाने आपल्या प्रयोगातून ही रोझलाइन काढूनच टाकली, नायकाचे प्रेम सोवळे दिसावे म्हणून! सोवळे-ओवळे काही आमच्याच देशाची मिरास नाही, हे यावरून कळेल.

रोमिओ रडतो, उसासे टाकतो, सोन्याने देखील ती वश होत नाही म्हणून कुरकुरतो. आणि बोलता बोलता विचारतो, जेवावयाचे कोठे? त्याच दमात त्याला रस्त्यावरच्या दंग्याच्या खुणा दिसतात. काय झाले म्हणून तो विचारतो, आणि लगेच म्हणतो, नको सांगूस, सारे ऐकले आहे. त्याच्या घरच्या गड्यांना किती लागले, कोण जखमी आहे, एक प्रश्न नाही. धन्याच्या मुलाचे हृदय मोडले, त्याला शंभराहून अधिक ओळींचे काव्य. गड्यांची डोकी फुटली, त्यांना एक प्रश्नही नाही.

आम्ही या पोराची टवाळी करीत नाही. प्रेमभंगाचे दुःख खोटे नसते. ते वाड्यातही असते आणि खोपटातही असते. सॅम्प्सनलाही कोणी नाकारले असेल, तोही एखाद्या रात्री न जेवता निजला असेल. त्याचे कोणी लिहून ठेवले नाही, इतकेच. आमचा राग रोमिओच्या रडण्यावर नाही. दुसऱ्याचे रडणे ऐकू न येण्याची जी सवय वाड्यात जन्मल्याबरोबर लागते, तिच्यावर आहे.

आता शेवट पहा. नाटक संपेपर्यंत सहा माणसे मरतात. दोन्ही म्हातारे हातात हात देतात आणि एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे ठरवितात. सोने तर पहिल्यापासून होतेच! राजा म्हणतो की काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा होईल. कोणाला, ते शेक्सपिअर सांगत नाही. परंतु ज्या ब्रूकच्या काव्यातून त्याने कथा घेतली, तेथे ते लिहिलेले आहे. ज्युलिएटच्या म्हाताऱ्या दाईला हद्दपार केले, आणि विष विकणाऱ्या गरीब औषधवाल्याला फासावर लटकविले. तोच हा औषधवाला, ज्याच्याविषयी शेक्सपिअर सांगतो की तो उपाशी होता आणि चाळीस मोहरांसाठी केवळ दारिद्र्यापायी कबूल झाला. वैर वाढविणारांचे पुतळे होत नाहीत तर त्यांच्या पोरांचे होतात. पण फास मात्र गरिबाच्याच गळ्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

कोणी म्हणेल, मग गरिबाने भांडूच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले. त्यांनी काय केले? सावकारांची कर्जखते मागून घेतली आणि जाळली. त्यांचा रोख माणसे मारण्यावर नव्हता, कागदांवर होता. आपले भांडण कशाशी आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते भांडण हवेच्या शब्दाचे नव्हते. सुप्याच्या कुणब्यात आणि व्हेरोनाच्या सॅम्प्सनमध्ये हाच फरक. एक आपल्या गळ्यातील दोरी तोडण्यासाठी उठला, दुसरा आपल्या धन्याच्या गळ्यातील हार झळकविण्यासाठी.

आज आमच्या पोरांकडे पाहिले म्हणजे आम्हांस सॅम्प्सन-ग्रेगरी आठवतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक कोणी फाडला, मिरवणुकीत कोणाचा झेंडा पुढे, मोबाइलवर कोणी कोणाला काय लिहिले, यावरून काठ्या निघतात. कोणाचा पुढारी अधिक चांगला! गुन्हे दाखल होतात ते या पोरांवर. पुढे नोकरीची वेळ आली की चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा आडवा येतो. आणि दोन्ही पुढारी? ते पक्ष बदलून एका मांडवात येतात आणि लग्नाच्या एकाच पंगतीला जेवतात. तुमच्या पोराच्या डोक्याला टाके पडले, त्यांच्या ताटात जिलेबी पडली.

आणि त्या हवेच्या शब्दाविषयी काय बोलावे! आमच्या देशात त्या शब्दाला जात असे नाव आहे. व्हेरोनाची दोन घराणी निदान तोलामोलाने सारखी तरी होती. आमच्याकडे एकाला जन्मतःच वर व दुसऱ्याला खाली बसविले, आणि ही उतरंड देवानेच रचली असे भटांच्या पोथ्यांनी सांगितले. पुढे आम्ही बहुजनांनीही ती एकमेकांच्या डोक्यावर ठेवून दिली, हे लपविण्यात अर्थ नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढून भटावाचून लग्ने लावण्याचा मार्ग दाखविला. शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात जाती मोडण्याचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाहाकडे बोट दाखविले. आणि २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ चित्रपट गावोगाव लोकांनी गर्दी करून पाहिला, गाण्यांवर नाचले, शेवटी सुन्न होऊन बाहेर पडले. किती बापांनी त्या रात्री घरी जाऊन आपल्या मुलीला विचारले, बाळ, तुझ्या मनात काय आहे? दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायतींनी किंवा कोणाही जमावाने हात घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले. पण न्यायालयाला माजघरात येऊन बसता येत नाही. तेथे आपणच आहोत.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधूंनो, माताभगिनींनो, आमचे सांगणे थोडके आहे. कोणी काठी हातात दिली तर आधी विचारा, भांडण कशाचे आणि कोणाचे. उत्तर मिळाले नाही तर ते हवेच्या शब्दाचे आहे असे समजा आणि काठी परत करा. वैर कोणाचेही असो, परक्या घरच्या लेकीसुनेचे नाव तोंडात येऊ देऊ नका. घरातली बाई आडवी झाली तर तिला ढकलण्यापूर्वी क्षणभर तिचे ऐका. आणि आज रात्री भाकरी खाताना, भावकीचा हिशेब काढण्याऐवजी, समोर बसलेल्या लेकराच्या तोंडाकडे नीट पहा. ते न बोलता उठले तर का उठले, हे पुतण्याकरवी विचारू नका, स्वतः विचारा.

सोन्याचे पुतळे करण्याची आपली ऐपत नाही, हे एक बरेच आहे. आपल्याला जिवंत पोरांवरच भागवावे लागते. ती जिवंत राहावीत, एवढ्यासाठी तरी डोक्यावरची ही दुसऱ्याच्या वैराची पाटी आता खाली ठेवा.